शिशाचा मोसम

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुमच्या प्रयोगात जो प्लाझ्मा तयार होतो तो क्षणात संपतो, मग तो होता हे तुम्हाला कळतं कसं?" माझी शिफ्टची वेळ झाली होती. "आल्यावर सांगते" म्हणून फोन ठेवला आणि रात्रभर ते मनाला लागून राहिलं. दिवाळीला मी घरी नाही, निदान उत्तर तरी पोचू दे.

इथे सर्नमध्ये, म्हणजे जिनिव्हाजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत, कणांना वेग देणाऱ्या यंत्रात वर्षभर बहुतेक प्रोटॉनच फिरतात. शिशाला मिळतात वर्षाअखेरचे थोडे आठवडे, तेही नेमके दिवाळीच्या आसपासचे. शिशाच्या अणुकेंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून 208. अशी दोन केंद्रकं समोरासमोर आदळली की ते सगळे वितळतात आणि आतले क्वार्क नावाचे सूक्ष्म कण आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन मोकळे होतात. सूर्याच्या गाभ्यापेक्षा लाख पटींहून जास्त तापलेला मोकळ्या कणांचा हा रस, म्हणजेच प्लाझ्मा. सेकंदाचे एकावर तेवीस शून्यं इतके तुकडे केलेस, तर त्यातले जेमतेम काही तुकडे तो टिकतो.

आता तुझं उत्तर. चार्म नावाचा क्वार्क एकटाच प्रोटॉनपेक्षा जड असतो. इतकी जड वस्तू प्लाझ्माच्या उष्णतेतून सहसा घडत नाही, ती पहिल्या धडकेतच जन्मते. म्हणजे प्लाझ्मा व्हायच्या आधीपासून चार्म तिथे हजर, आणि सगळा प्लाझ्मा पार करून तो बाहेर येतो. त्याच्या अंगावरच्या खुणा वाचायच्या, एवढंच आमचं काम.

जत्रेत तुझं बोट सुटलं होतं, आठवतं? चार्म आणि त्याचा प्रतिक्वार्क (उलट विद्युतभाराचा त्याचा जुळा) एकमेकांना धरून राहिले की जे-साय नावाचा कण होतो. तो 1974 साली दोन प्रयोगशाळांना वेगवेगळा सापडला. 1986 मध्ये मात्सुई आणि सात्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी म्हटलं, प्लाझ्माच्या गर्दीत हे बोट सुटणार, म्हणून जे-साय कमी दिसतील. आधीच्या, कमी ऊर्जेच्या प्रयोगांत तसे ते कमी दिसलेही. पण इथे ऊर्जा कितीतरी जास्त, म्हणून सगळ्यांना वाटत होतं की आणखी कमी होतील. झालं उलटंच, घट कमी भरली! एकाच टकरीत चार्मच्या इतक्या जोड्या जन्मतात, की गर्दी ओसरताना सुटलेले काही चार्म दुसऱ्याच जोडीदाराचं बोट धरतात. मला हे आजही फार सुंदर वाटतं.

जे-साय स्वतः दिसत नाही. तो फुटून कधी कधी दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊच म्हण) निघतात, त्यांच्यावरून मूळ कणाचं वस्तुमान काढायचं. (ते म्यूऑन टिपण्यासाठी पूर्वी जी 'मानस' चिप होती, ती आपल्या कोलकात्यात आखलेली.) काल रात्री मी अशा वस्तुमानांचाच एक आलेख काढत होते. असंख्य भलत्याच म्यूऑन-जोड्यांचा उतरता डोंगर, आणि 3.1 जीईव्हीवर, म्हणजे जे-सायच्या वस्तुमानावर, त्याला आलेलं टेंगूळ. पहाटे साडेतीनला ते स्पष्ट वर आलं, तेव्हा तुला उठवून दाखवावंसं वाटलं.

एकटा सुटलेला चार्म हलक्या क्वार्कला धरतो, त्याला डी-मेसॉन म्हणतात. तो फुटण्याआधी जातो किती, तर रांगोळीच्या कणाएवढा! तेवढं अंतर सिलिकॉनच्या थरांनी पकडायचं. बॉटम क्वार्क चार्मच्या तिपटीहून जड, त्याची गोष्ट राहिलीच. ती आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसून सांगेन.

बाबांना चकलीची भाजणी फ्रीजरमध्ये आहे म्हणून सांग. आणि दारातल्या रांगोळीचा फोटो पाठव.

तुझी,
आई