खेळ संपल्यानंतरचा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यवस्थापन सल्लागारांच्या खेळाधारित कार्यशाळांना अनेकदा ‘पोरखेळ’ म्हणून हिणवले जाते. अशा कार्यशाळा घेणे हा माझ्या व्यवसायाचाच भाग असल्याने हे पत्र. उदाहरणार्थ, अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९६०च्या सुमारास आकाराला आलेल्या ‘बिअर गेम’ या बिअरच्या पुरवठा साखळीवरील खेळामध्ये किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका असतात, एकमेकांशी बोलायचे नाही, फक्त मागणीची चिठ्ठी पुढे सरकवायची. ग्राहकांची मागणी एकदाच, आठवड्याला ४ पेट्यांवरून ८ पेट्यांवर जाते आणि तिथेच स्थिरावते. तरीही माल पोहोचण्यातील विलंबामुळे घाबरून जो तो जास्तीची मागणी नोंदवतो आणि काही फेऱ्यांतच आधी तुटवडा, मग पडून राहिलेल्या मालाचा डोंगर उभा राहतो. ग्राहकच लहरी, असे खेळणारे ठामपणे सांगतात. खरे आकडे उघड केल्यावर जी शांतता पसरते, ती कोणत्याही सादरीकरणाने मला आजवर मिळवून दिलेली नाही.

मात्र आमच्यातली लबाडीही मान्य केली पाहिजे. ‘लेगो सीरियस प्ले’ ही लेगोच्या ठोकळ्यांतून विचार मांडण्याची पद्धत २०१० मध्ये सर्वांसाठी खुली झाल्यापासून ठोकळ्यांची पेटी घेऊन कोणीही सल्लागार म्हणवून घेऊ शकतो. खेळाइतकाच वेळ नंतरच्या चर्चेला न देणारी कार्यशाळा ही निव्वळ सहल होय, आणि तिचे शुल्क सल्ल्याच्या दराने आकारणे गैर आहे. शिवाय वरिष्ठ कडेला उभे राहून पाहत असतील, तर कनिष्ठ खेळत नाहीत, अभिनय करतात. म्हणून वरिष्ठ स्वतः खेळणार नसतील, तर मी ते काम घेत नाही.

आपला,
एक व्यवस्थापन सल्लागार