पोलीस तक्रार प्राधिकरणाचे निष्कर्ष बंधनकारक करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या न्यायालयात तीस वर्षांहून अधिक काळ फौजदारी वकिली करताना पोलीस कोठडीत मार खाल्लेली अनेक माणसे माझ्यासमोर येऊन बसली. त्यांतला एक यंत्रमाग कामगार माझ्या मनातून जात नाही. चोरीच्या संशयावरून त्याला एका पोलीस ठाण्यात दोन रात्री बसवून ठेवले होते. स्टेशन डायरीत त्याची नोंद नव्हती आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताचे हाड मोडलेले होते. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे आणि अशाच प्रकारांच्या चौकशीसाठी राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने दोनच प्रश्न विचारले. तक्रारीसाठी कुठे जायचे, आणि तिथे माझे म्हणणे खरे ठरले तर त्या पोलिसावर कारवाई होणारच ना? पहिल्याचे उत्तर पुणे असे होते, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर आणि प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी. दुसऱ्या प्रश्नाला ‘हो, होणारच’ असे उत्तर मला प्रामाणिकपणे देता आले नाही. त्याने तक्रार केली नाही.

ही दोन्ही उत्तरे कायद्याच्या रचनेतून आली आहेत, म्हणून हे पत्र. उत्तर प्रदेश पोलीस आणि सीमा सुरक्षा दल यांचे प्रमुख राहिलेले प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. म्हणजे ही मागणी पोलिसांच्या द्वेष्ट्यांनी केलेली नव्हती, ती पोलीस दलातच आयुष्य घालवलेल्या अधिकाऱ्याने केलेली होती. त्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांपैकी एक असा, की प्रत्येक राज्यात राज्य पातळीवर आणि प्रत्येक जिल्ह्यात तक्रार प्राधिकरण असावे, राज्याच्या प्राधिकरणावर उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचे आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणावर जिल्हा न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असावेत, त्या अध्यक्षांची निवड मुख्य न्यायमूर्तींनी किंवा त्यांनी नेमून दिलेल्या न्यायाधीशांनी सुचवलेल्या नावांतून व्हावी, आणि दोषी अधिकाऱ्यावर खातेनिहाय किंवा फौजदारी कारवाई करण्याची प्राधिकरणाची शिफारस संबंधितांवर बंधनकारक असावी.

महाराष्ट्राने यासाठी पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली ती २०१४ मध्ये, आणि राज्य प्राधिकरणाचे प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०१७ उजाडले. या विलंबापेक्षाही, या प्रवासात मूळ निर्देशातून काय काय गळाले, ते मला अधिक गंभीर वाटते. जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग आला. छत्तीस जिल्ह्यांच्या राज्यात विभाग सहाच आहेत, त्यामुळे गडचिरोलीच्या आदिवासीने नागपूर गाठावे आणि सोलापूरच्या कामगाराने पुणे, असे ठरले. नेमणुका सरकारच्या हाती राहिल्या. राज्य प्राधिकरणावर सेवेतील अपर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी पदसिद्ध म्हणून बसतो. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचा अनुभव उपयोगी पडतो हे मी मान्य करतो, परंतु ज्याची पुढची बदली आणि बढती गृह खात्याकडून व्हायची आहे, त्याने आपल्याच दलावरील आरोप तपासणाऱ्या मंडळात बसावे, हे तक्रारदाराच्या मनात विश्वास निर्माण करणारे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचा प्रमुख पूर्वी कधीही पोलीस दलात काम केलेला नसावा, अशी कायद्याचीच अट आहे. आपल्याकडे इतकी कडक अट नको असेल तर नसू द्या, निदान सेवेतला अधिकारी तरी त्या मंडळावर नसावा.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र अहवालाच्या वाटचालीत आहे. प्राधिकरणाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. ते साक्षीदारांना बोलावू शकते, शपथेवर तपासू शकते, कागदपत्रे मागवू शकते. एवढे सगळे करून निवृत्त न्यायाधीश ज्या निष्कर्षाला पोहोचतात तो अहवाल सरकारकडे जातो, आणि सरकारला अपवाद म्हणून, लेखी कारणे नोंदवून, तो नाकारण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ‘बंधनकारक’ हा शब्द विचारपूर्वक वापरला होता. तो सौम्य केल्यावर न्यायाधीशांसमोर झालेल्या चौकशीचा शेवटचा निर्णय त्याच गृह खात्याकडे परत जातो, ज्याच्या कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार होती.

निष्कर्षाला बंधनाची ताकद नसली की काय होते, हे परभणीच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिले. ते प्राधिकरणासमोरचे प्रकरण नव्हते, पण धडा तोच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू पावलेल्या तरुणाच्या प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होऊन अहवाल आला, तरीही गुन्हा नोंदवला जावा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे तो आदेश कायम राहिला. त्या माऊलीच्या मागे वकील आणि जनमत उभे राहिले. यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मागे कोण उभे राहणार?

उशिराचा आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, सीसीटीव्ही बसवण्याचा आणि त्याचे चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर, जतन करण्याचा आदेश दिला. कोठडीतील मारहाणीला बाहेरचा साक्षीदार नसतो, त्यामुळे हे चित्रण हाच बहुतेक वेळा एकमेव निःपक्षपाती पुरावा ठरतो. गरीब माणूस तक्रार करू की नको या विचारात चार-सहा महिने घालवतो, मग लांबच्या शहराच्या तारखा सुरू होतात, आणि तोवर चित्रण पुसले जाण्याची मुदत जवळ येते. म्हणून तक्रार दाखल होताच त्या दिवसांचे चित्रण ताब्यात घेऊन मोहोरबंद करण्याचा अधिकार आणि त्यासाठी स्वतःचा तपास कर्मचारीवर्ग प्राधिकरणाकडे असलाच पाहिजे. स्थानिक पोलिसांकडून अहवाल मागवून ही उणीव भरून निघणार नाही.

अशा मंडळांना जास्त अधिकार दिले तर पोलिसांचे मनोधैर्य खचेल, असे सांगितले जाते. गणेशोत्सवात आणि वारीत सलग बंदोबस्तावर उभे राहणारे हवालदार मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु आजच्या पद्धतीत प्रकरण तापले की पहिले निलंबन त्यांच्याच वाट्याला येते आणि तोंडी हुकूम देणारा वरचा अधिकारी अनेकदा बाजूला राहतो. हुकूम कोणी दिला, हे वरिष्ठांच्या दडपणाबाहेर शोधू शकणारे मंडळ प्रामाणिक शिपायालाही हवे आहे, आणि खोट्या तक्रारीतून त्याचे नाव सन्मानाने मोकळे करणारेही तेच मंडळ असेल.

राज्य सरकारने येत्या अधिवेशनात अधिनियमात दुरुस्ती करून शिफारस बंधनकारक करावी, नेमणुका उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या नावांतून कराव्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण स्थापन होईपर्यंत विभागीय प्राधिकरणाने जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा तरी बैठक घ्यावी. आजवर किती अहवाल स्वीकारले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने, हे गृह खात्याने मराठीत प्रसिद्ध करावे. आणि कायदा बदलण्याची वाट न पाहता एक गोष्ट उद्याच करता येईल : प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भागात, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर, तक्रार प्राधिकरणाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावा.

आपला,
एक निवृत्त वकील, सोलापूर