जयंतीच्या वर्गणीतून पोरांच्या पेट्रोलला काही

मा. संपादक,
सप्रेम जयभीम.

१४ एप्रिल जवळ आला की आमच्या वस्तीत पावतीपुस्तकं निघतात. एसटीत कंडक्टरकी केलेली, सुट्ट्या पैशांचा हिशेब अंगात मुरलेला, म्हणून मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे असतो. गेल्या वर्षी निम्म्याहून जास्त वर्गणी एका रात्रीच्या डीजेत गेली. त्याच आठवड्यात वस्तीतला, लोकांच्या कामासाठी धावणारा एक पोरगा दोनशे रुपये उसने मागायला आला. पारधी पालावरच्या एका बाईला घेऊन त्याला तालुक्याला जायचं होतं. "काका, गाडीत तेल नाही."

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत पीडितांना आणि साक्षीदारांना प्रवासखर्च आहे, बाई साक्षीदार असेल तर तिच्या सोबत्यालाही. पण जातीच्या दाखल्यासाठी तहसिलीत मारलेले हेलपाटे, फिर्याद घ्यावी म्हणून ठाण्याबाहेर काढलेली रात्र, झेरॉक्स, रिचार्ज हे कुठल्या नियमात बसवायचं? संस्थांचे प्रकल्प येतात नि मुदत संपली की जातात. शिवाय काम कोणतं करायचं, ते पैसे देणारा ठरवतो.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' हे पाक्षिक निघालं तेव्हा बाबासाहेब २८ वर्षांचे होते, आणि त्यामागे शाहू महाराजांचे २,५०० रुपये होते. हे आम्ही दरवर्षी भाषणात सांगतो आणि स्टेजवरून उतरून डीजेवाल्याला इसार देतो.

महाराज आता कुठून आणणार? पण डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. तिकीट काढणारी माणसं साधीच होती. (तिकिटाच्या पैशावर माझा विश्वास आहे, जन्म त्यातच गेला.)

म्हणून प्रत्येक जयंती मंडळाने वर्गणीचा चौथा हिस्सा लोकांसाठी असे हेलपाटे मारणाऱ्या पोरापोरींसाठी बाजूला काढावा. खात्यावर महिला मंडळातल्या दोघींच्या सह्या असाव्यात, खर्च विहाराच्या फळ्यावर लिहावा. आणि निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याकडून रुपया घेऊ नये. एकदा घेतला की पोरं त्याच्या प्रचाराच्या गाडीत दिसतात.

आमच्या मंडळात मी हा ठराव मांडला. "डीजे नाही तर जयंती कसली?" असं म्हणत तरुणांनीच तो दोन मतांनी पाडला. मग मी वेगळं पावतीपुस्तक छापून घेतलं, दहा रुपयांपासून पुढे. पहिली पावती डीजेच्या बाजूने हात वर करणाऱ्या एका पोराने फाडली. पन्नास रुपयांची.

– एक निवृत्त एसटी वाहक, परभणी