क्रॉइकच्या चर्चची खिडकी

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार. फोनवर नुसतंच 'स्कॉटलंडची ट्रिप छान झाली' एवढं बोलणं झालं, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

एडिंबरा तुला आवडेलच. किल्ला विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर आहे, आणि त्याच्या उतारावर रॉयल माइल या रस्त्याच्या दोन्ही अंगांना इतक्या चिंचोळ्या गल्ल्या की समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. रविवार सोडून रोज दुपारी एक वाजता तोफ उडते, १८६१ पासून. ग्लासगो दिसायला रांगडं, पण माणसं जास्त बोलकी. केल्विनग्रोव्ह संग्रहालयाला तिकीट नाही, तिथे सबंध दिवस घालव.

पण मला लिहायचंय ते उत्तरेबद्दल. इन्व्हरनेसहून वर गेलं की ऑगस्टात डोंगरच्या डोंगर हेदरच्या फुलांनी जांभळे झालेले असतात. मैलोन्‌मैल घर नाही, माणूस नाही, फक्त मेंढ्या. पहिल्यांदा वाटतं, काय ही शांतता! मग गवतात छप्पर नसलेल्या दगडी भिंती दिसायला लागतात. कुणाची तरी घरं होती ती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी कुळांना उठवलं, कारण त्यांच्याकडून मिळणाऱ्या खंडापेक्षा मेंढ्यांत पैसा जास्त होता. कुणी समुद्रकाठच्या नापीक तुकड्यांवर गेले, कुणी कॅनडाची जहाजं धरली.

आर्डगाय स्टेशनपासून आत, एकाच गाडीपुरत्या रस्त्याने क्रॉइकचं छोटं चर्च लागतं. १८४५ च्या मे महिन्यात ग्लेनकॅल्वीच्या खोऱ्यातून हुसकावलेली कुटुंबं इथे आली. देवाच्या घरात संसार मांडणं त्यांना पाप वाटलं, म्हणून लेकराबाळांसकट ती बाहेर, थडग्यांमध्ये, आडोसा करून राहिली. जाताना पूर्वेकडच्या खिडकीच्या काचांवर त्यांनी काहीबाही कोरून ठेवलं. अक्षरं बारीक आहेत, काचेशी नाक लावून तिरप्या उजेडात पाहावी लागतात. एका काचेवर लिहिलंय, 'ग्लेनकॅल्वीची माणसं, पापी पिढी.'

मंजू, हे वाचून मला भडभडून आलं. घर गेलं, शेत गेलं, आणि दोष मात्र स्वतःच्याच माथी घेतला! त्यांची बोली गेलिक, तरी लिहिलं इंग्रजीत. पुढे येणाऱ्या परक्या माणसालाही कळावं, असं त्यांच्या मनात असेल का? मला तसंच वाटतं.

त्यानंतर 'अस्पर्श निसर्ग' असं त्या डोंगरांना म्हणवेना. ते सुंदर आहेत, यात शंकाच नाही, पण ते रिकामे केलेले आहेत. आणि एक गोष्ट मनापासून आवडली: २००३ च्या कायद्याने आज तिथे कुणालाही, नासधूस न करता, खाजगी माळावरूनही चालत जाता येतं. ज्या जमिनीवरून माणसं काढली, तिथे निदान पायी फिरायला तरी मोकळीक आहे.

तू पुढच्या उन्हाळ्यात जाणार म्हणतेस. लॉक नेसच्या तळ्याला सगळेच जातात, तूही जा. पण एक दिवस आर्डगायसाठी राखून ठेव. गाडी भाड्याने घे, आणि मिजेस नावाच्या चिलटांसाठी जाळीची टोपी विसरू नकोस, संध्याकाळी उभं राहू देत नाहीत. काकूंना नमस्कार सांग. तारखा ठरल्या की लगेच कळव, नकाशावर खुणा करून पाठवते.

तुझीच,
सुनंदा