मागणी नाही म्हणता, मग आम्ही कोण?

मा. मंत्रिमहोदय,
सा. न. वि. वि.

मागे विट्यातल्या सत्कारात आपण माईकवरून शब्द दिला होता: सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाई बांधवांची रक्ततपासणी करू, शिशाच्या विषबाधेवरचं औषध जिल्ह्यातच ठेवू. टाळ्या आम्हीच वाजवल्या. परवा आपल्याकडून पत्र आलं, की औषधाला मागणी नसल्याने साठा ठेवता येत नाही. वा!

अर्धं आयुष्य परमुलखात चांदी गाळली. चांदीत शिसं घालायचं, भट्टीला वारा द्यायचा. शिसं मळ घेऊन मुशीत मुरतं, धूर आमच्या छातीत. पोटात अशी कळ यायची की गुडघे छातीशी घेऊन रात्र काढावी. आधी गॅस म्हणाले, मग अपेंडिक्स, मग 'मनाचे खेळ'. आता उजवा पंजा मनगटातून लोंबतो. सदऱ्याची बटणं बायको लावते. शेवटी एका डॉक्टरांनी ओठ उचलून हिरडीवरची निळीकाळी रेघ पाहिली आणि रक्त मुंबईला पाठवलं. डेसीलिटरला 84 मायक्रोग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना 5 ला पोचलं तरी शिसं येतंय कुठून ते शोधा म्हणते.

डॉक्टरांनी सक्सिमर लिहून दिलं. रक्तातलं शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढणारी साधी कॅप्सूल. अमेरिकेत 1991 पासून मुलांना देतात. विटा, सांगली, मिरज, कोल्हापूर पालथं घातलं. दुकानदार नावच दोनदा विचारतात. डायमरकॅप्रॉल नावाचं शिशावरचंच एक जुनं इंजेक्शन आहे, महायुद्धात इंग्रजांनी विषारी वायूवर उतारा म्हणून काढलेलं. आपल्या दिल्लीकरांनी 2022 ला अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून 26 नावं खोडली, त्यात तेही गेलं. मात्र हृदयातले ब्लॉकेज बिनऑपरेशन काढतो म्हणून कीलेशनची, म्हणजे अंगातले धातू बाहेर काढायची, सलाईनं लावणाऱ्यांच्या जाहिराती गावोगाव आहेत. ज्याच्या रक्तात खरंच शिसं आहे, त्यानं बोंबलत फिरावं.

सध्या पेनिसिलामाइन या शिसं काढणाऱ्या दुसऱ्या औषधावर आहे. ते मूत्रपिंडाला बाधू शकतं म्हणून रक्त-लघवी सारखी तपासायची, खर्च आमचा. डॉक्टर म्हणतात, भट्टीपासून लांब राहा, नाहीतर औषध फुकट. लांब राहून खायचं काय, ते कुठल्या योजनेत बसतं? आणि हाडांत बसलेलं शिसं वीस-तीस वर्षं रक्तात झिरपत राहतं म्हणे. म्हणजे तुमच्या चार ते सहा टर्म.

मागणी का नाही, ते मी सांगतो. 1948 च्या कारखाना कायद्यापासून कळवायलाच हव्या अशा रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिली आहे. पण आमच्या दुकानात माणसं दोन-तीन, म्हणजे तो कारखाना नाही. कारखाना नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून रुग्ण नाही, रुग्ण नाही म्हणून औषध नाही. कागद कसा स्वच्छ! युनिसेफच्या 2020 च्या अहवालात देशातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात धोक्याइतकं शिसं असल्याचा अंदाज आहे. त्यांचीही मागणी नसेल बहुतेक. पाण्याची वाट बघून बघून आमच्या बापांनी गाव सोडलं, तेव्हाही व्यासपीठं होती, हारतुरे होते आणि शब्द देणारे तुम्हीच लोक होतात.

मागणं दोनच: सांगली-मिरजेत सक्सिमरचा साठा ठेवा, आणि दिवाळी-जत्रेला पोरं गावी येतात तेव्हा त्यांचं रक्त तपासा. माझ्या गोळ्या गुरुवारी संपतायत. मागणीचा अर्ज लागत असेल, तर हेच पत्र अर्ज समजा. अंगठाही देतो, डाव्या हाताचा.

आपला,
एक गलाईवाला, खानापूर तालुका, जि. सांगली