टायटॅनियम वितळत नाही म्हणून तापवायला मोकळे झालो असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला टायटॅनियमवरचा लेख वाचला, आवडलाही, पण त्यात असं म्हटलंय की हा धातू 1668 अंश सेल्सिअसला वितळतो म्हणून कितीही उष्णतेत बिनधास्त वापरता येतो, आणि हे वाचून राहवलं नाही. मी हीट ट्रीटमेंटच्या कामात आहे आणि हा गैरसमज शिकलेल्या इंजिनिअर लोकांकडूनही ऐकतो.

साध्या तापमानाला टायटॅनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साईडचा थर असतो, तो खरंच दणकट, ओरखडा पडला तरी लगेच पुन्हा तयार होतो, समुद्राच्या पाण्यातही धातूला काही होत नाही ते त्याच्यामुळेच. पण साधारण 550-600 अंशांच्या वर गेलं की हाच थर राखणदारी सोडतो, कारण तो रुटाइलचा, म्हणजे टायटॅनियम ऑक्साईडच्या एका स्फटिकरूपाचा असतो आणि त्याच्या अणूंच्या जाळीत ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा असतात, त्यातून ऑक्सिजन आत सरकत राहतो. अजून तापवलं, 800-900 च्या पुढे, की थर जाड होऊन तडकतो, पापुद्रे सुटतात आणि मग गंजण्याचा वेग कमी व्हायचं नावच घेत नाही.

पण खरं दुखणं पापुद्र्यांचं नाहीच, ते निदान दिसतात तरी. दुखणं आत जिरलेल्या ऑक्सिजनचं. स्टीलवर खवले धरतात, ते झाडले की खाली बऱ्यापैकी स्टीलच मिळतं, टायटॅनियमचं तसं नाही, त्याच्या अल्फा अवस्थेत, म्हणजे साध्या तापमानाला असणाऱ्या स्फटिकरचनेत, दर तीन अणूंत जवळजवळ एक ऑक्सिजनचा असावा इतका ऑक्सिजन विरघळू शकतो. आता हिशोब बघा, शुद्ध टायटॅनियमच्या ग्रेड 1 मध्ये ऑक्सिजन जास्तीत जास्त 0.18 टक्के चालतो आणि सगळ्यात कडक ग्रेड 4 मध्ये 0.40 टक्के, म्हणजे एवढ्याशा फरकाने सुद्धा धातू मऊचा कडक होतो, मग त्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन पृष्ठभागात मुरला तर काय होणार? काचेसारखी ठिसूळ कातडी तयार होते, तिला आमच्याकडे अल्फा केस म्हणतात. पार्टवर वारंवार लोड आला की पहिला क्रॅक तिथेच पडतो आणि तिथून आतल्या चांगल्या धातूत उतरतो.

म्हणून तर गरम धातूला हवा लागू नये यासाठी व्हॅक्यूम फर्नेस (निर्वात भट्टी) आणि आर्गॉन या निष्क्रिय वायूचा एवढा खर्च करतात. तरीही अल्फा केस झालीच तर मशिनिंगने काढायची नाहीतर हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक अ‍ॅसिडच्या मिश्रणात पिकलिंग करायचं, म्हणजे वरचा थर खाऊन काढायचा, त्यातही नायट्रिक कमी पडलं तर धातू हायड्रोजन पितो आणि त्यानेही ठिसूळ होतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मिश्रधातूंचं म्हणाल तर सगळ्यात जास्त खपणारा 6-4, म्हणजे 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियमवाला, तो जास्त काळ चालवायचा तर साधारण 400 अंशांपर्यंतच. जेट इंजिनच्या कॉम्प्रेसरसाठी बनवलेला आयएमआय 834 सुद्धा 600 च्या आसपास थांबतो, यात क्रीपचाही (गरम धातू लोडखाली हळूहळू ताणला जाण्याचाही) वाटा आहे पण ऑक्सिडेशनचा मोठा आहे. लोक विचारतात की अ‍ॅल्युमिनियम आहे ना, मग अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईडचा) राखणदार थर का नाही धरत? 6 टक्क्यांत नाही भागत, टायटॅनियमही ऑक्सिजनचा तेवढाच भुकेला, त्यामुळे दोन्ही ऑक्साईड मिसळून वाढतात. निम्म्याच्या आसपास अ‍ॅल्युमिनियमचे अणू असलेलं टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाईड घेतलं तर जरा वर जाता येतं, जीईच्या जीईएनएक्स इंजिनात टर्बाईनच्या शेवटच्या टप्प्यांतल्या ब्लेड त्याच्याच आहेत आणि त्यात नायोबियम घालतात ते ऑक्सिडेशन आवरायलाच. पण तिथेही हवेतला नायट्रोजन आडवा येतो, नायट्राईड तयार होऊन अ‍ॅल्युमिनाचा सलग थर बसू देत नाही. टर्बाईनच्या सगळ्यात गरम भागात आजही निकेलचे मिश्रधातू आहेत, दुप्पट जड असूनही, ते काही उगाच नाही.

लेखात तापलेल्या टायटॅनियमवर येणारे निळे-जांभळे रंग 'टायटॅनियमचं सौंदर्य' म्हणून दिलेत. सायलेन्सरवर दिसतात छान, मान्य, पण वेल्डवर तोच रंग म्हणजे आर्गॉन नीट पोचला नाही याची तक्रार आहे. चंदेरी चांगला, फिका सोनेरी बहुतेक ठिकाणी चालतो, गडद निळ्यावर भुवया उंचावतात आणि राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर जोड कापून टाकायचा. आणि काही वेल्डर इन्स्पेक्शनच्या आधी वायर ब्रश मारून निळा रंग घालवतात आणि जोड चकाचक करून दाखवतात, त्याने वरचा रंग जातो, आत मुरलेला ऑक्सिजन तसाच राहतो. तपासणाऱ्यांनी ब्रश लागायच्या आधीच जोड बघायचा हट्ट धरावा, आणि ब्रश आधीच मारलेला असेल तर तो जोड रंगावरून पास करू नये.

आपला,
एक नियमित वाचक