सुटं गाणं न देणाऱ्या दादांस

नमस्कार दादा,

तुमचा जुना फोन लागत नाही आणि नवा पत्ता कुणाकडे नाही, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितेय. मेनरोडवरून सराफ बाजाराकडे उतरणाऱ्या बोळात तुमच्याकडून कॅसेटी भरून घेतलेली माणसं नाशिकभर आहेत, काही पुण्या-मुंबईला गेली, काही पार साता समुद्रापलीकडे. त्यांच्यापैकी कुणीतरी हे तुमच्यापर्यंत पोचवेल. (कॅसेट भरून देणं कायद्यात बसत नव्हतं, हे आता लिहिलं तर बिघडणार नाही. दुकानाच्या जागी हल्ली मोबाइलची कव्हरं मिळतात.)

आभार टोरी एमोससाठी आहेत, पियानो वाजवत स्वतःची गाणी गाणाऱ्या त्या अमेरिकन बाईसाठी. तिची दोन-चार गाणी मला कुणीही ऐकवली असती. तुम्ही तिची सगळी कारकीर्द पहिल्यापासून, एकामागून एक, माझ्या हातात ठेवलीत.

हिंदी-मराठी गाण्यांची यादी घेऊन आलेल्याला तुम्ही मुकाट्यानं हवं ते, हव्या त्या क्रमानं भरून द्यायचात. इंग्रजी कपाटाचा कायदा वेगळा होता. त्यातलं सुटं गाणं मिळायचं नाही. अख्खा अल्बम, तोही छापलेल्या क्रमानं, आणि आधीचा नीट ऐकून झाल्याशिवाय पुढचा नाही. मी तेव्हा एचपीटी कॉलेजात होते, पैसे बेताचे, आणि टीव्हीवर ऐकलेलं 'कॉर्नफ्लेक गर्ल' एवढंच मला हवं होतं. "ते दुसऱ्या अल्बममधलं. आधी पहिला ने," म्हणालात. मला तो गिऱ्हाइकाला लुटायचा नवा प्रकार वाटला. पुढे तुम्ही उधारी वहीत लिहायचीही सोडलीत, तेव्हा तो संशय आपोआप मिटला.

'लिटल अर्थक्वेक्स', १९९२. बारा गाणी, सत्तावन्न मिनिटं. साठच्या कॅसेटमध्ये दुसरी बाजू काठोकाठ भरते आणि शीर्षकगीत नेमकं शेवटी आहे. ते तुटू नये म्हणून तुम्ही नव्वदची कॅसेट लावलीत आणि पुढची फीत कोरी सोडलीत. उरलेल्या जागेत 'कॉर्नफ्लेक गर्ल' टाका ना, अशी विनवणी मी केली. तुम्ही नुसते चष्म्यावरून बघितलंत.

तो पहिला अल्बम म्हणजे खरं तर दुसरा, ही गोष्टही तुमच्याकडूनच कळली. नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेली मेथडिस्ट पाद्र्याची मुलगी, पाचव्या वर्षी बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेत पियानो शिकायला घेतलेली, अकराव्या वर्षी तिथून बाहेर पडलेली. कानानं वाजवणारी पोर, समोरच्या नोटेशनच्या कागदाशी तिचं जमलं नाही. तेरा-चौदाव्या वर्षी वॉशिंग्टनच्या बारमध्ये पियानो वाजवायला लागली, आणि सोबतीला वडील, गळ्यात पाद्र्याची पांढरी कॉलर घालून. हे सांगताना तुम्हाला हमखास हसू फुटायचं. मग लॉस एंजेलिस, अटलांटिक रेकॉर्ड्सशी करार, आणि १९८८ मध्ये 'वाय कान्ट टोरी रीड'. फुगवलेले केस, सिंथेसायझर, पियानो कुठंतरी मागं. तो साफ आपटला. तुमच्याकडे तो नव्हता, कुणाकडेच नव्हता. २०१७ मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा मी ऐकला. दादा, तो लोक म्हणतात तितका वाईट नाही. फक्त तो कुणाचाही असू शकला असता.

त्या अपयशानंतर ती पियानोकडे परतली आणि कंपनीला नवी गाणी दिली, तर ती परत आली. पियानो काढून गिटार घाला, असं सुचवलं गेल्याचं तिनं मुलाखतींतून सांगितलंय. तिनं पियानो काढला नाही. आणखी गाणी केली, कंपनीनं तिला लंडनला पाठवलं, आणि आधी तिथं, मग अमेरिकेत 'लिटल अर्थक्वेक्स' चालला. त्यात 'मी अँड अ गन' आहे, स्वतःवर झालेल्या बलात्काराबद्दलचं. त्यात वाद्यच नाही. ज्या पियानोसाठी ती इतकी अडून बसली तोही नाही, नुसता गळा. ती कॅसेट देताना तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या बाजूला एक गाणं आहे, ते घरी सगळ्यांसमोर लावू नकोस, एकटी ऐक." कारण सांगितलं नाहीत. एकोणीस वर्षांच्या मुलीला काउंटरवरून याहून नीट कुणी काय सांगणार? १९९४ मध्ये अमेरिकेत लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी 'रेन' ही संस्था उभी राहिली तेव्हा टोरी तिची पहिली राष्ट्रीय प्रवक्ती झाली, हे मी पुढे वाचलं. तोवर त्या गाण्याबद्दल मी एका मैत्रिणीखेरीज कुणाशी बोलले नव्हते.

आता डाव्या हाताबद्दल. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

पंचवटीतल्या आमच्या घरात आजोबांची पायपेटी होती, संगीत नाटकांच्या काळातली. पण मी शिकले हातपेटीवर, आणि हातपेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भात्याला बांधलेला. पायपेटीला भाता पायानं चालतो, दोन्ही हात मोकळे, तरी मी डावा हात मांडीवर ठेवूनच वाजवायची. हे तुम्हाला एकदा बोलता बोलता सांगितलं. तुम्ही डेकचा बेस वाढवलात, 'विंटर' लावलंत आणि म्हणालात, "गाणं ऐकू नकोस. डावा हात काय म्हणतोय ते ऐक." तिथपासून प्रत्येक कॅसेट परत आणल्यावर परीक्षा. या गाण्यात डावा हात कुठं थांबतो? गळा वर जातो तेव्हा तो खाली का उतरतो? तुम्हाला स्वतःला एक सूर वाजवता येत नव्हता, आणि हे प्रश्न मला कुठल्याही क्लासमध्ये कुणी विचारले नाहीत. ती बोझेनडॉर्फर वाजवते हेही तुम्हीच सांगितलंत, आणि त्या व्हिएन्नाच्या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या पियानोला ८८ ऐवजी ९७ पट्ट्या असतात, जादाच्या नऊच्या नऊ डावीकडे, खर्जात. त्या बहुधा नुसत्या घुमण्यासाठीच असतात, क्वचितच कुणी वाजवतं. मला हे फार आवडलं होतं.

'अंडर द पिंक' (१९९४) मिळाला एकदाचा. हवं होतं ते गाणं आलं, आणि तोवर ते मला अल्बममधलं सगळ्यात आवडतं राहिलं नव्हतं. मग 'बॉईज फॉर पेले', १९९६. शेजारच्या घड्याळवाल्यांनी "फुटबॉलची गाणी पण निघाली का?" विचारलं, पेले ही हवाईची ज्वालामुखीची देवी, हे तुम्ही त्यांना किती गंभीरपणे समजावलं होतंत! अठरा गाणी, सत्तर मिनिटं. पहिल्यांदाच सगळी निर्मिती तिची स्वतःची, ध्वनिमुद्रणाचा मोठा भाग आयर्लंडमधल्या डेलगनीच्या चर्चमध्ये. पाद्र्याची मुलगी चर्चमध्ये परत गेली ती हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोचा पूर्वज, घेऊन. मंचावर तर ती दोन वाद्यांच्या मधे बसून एक हात एकावर, एक हात दुसऱ्यावर चालवते. त्यातल्या 'प्रोफेशनल विडो'चं नाचाचं रूप आर्मंड व्हॅन हेल्डननं केलं आणि १९९७ च्या सुरुवातीला ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मूळ गाण्याशी त्याचा संबंध फारसा उरलेला नाही. तुम्ही ते दुकानात कधी लावू दिलं नाहीत. इथं मात्र तुम्ही जरा सोवळेपणा केलात असं मला वाटतं, नाचायला ते झकास आहे.

'फ्रॉम द क्वायरगर्ल होटेल' (१९९८) मी तुमच्याइतकाच डोक्यावर घेते. पोटातलं मूल गमावल्याच्या दुःखानंतरचा अल्बम, आणि एकटी बसून रडण्याऐवजी तिनं पूर्ण बँड बोलावला, ड्रम्सबरोबर पियानो वाजवला. जागा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची, धान्याच्या जुन्या कोठाराचा केलेला स्वतःचा स्टुडिओ. १९८८ मध्ये जिला कुणी तरी सजवून उभं केलं होतं, तिच्याकडे दहा वर्षांनी स्वतःची खोली, स्वतःचे माइक आणि स्वतःचं घड्याळ होतं. हे मला एकेक सुटं गाणं ऐकून कळलं नसतं.

'स्ट्रेंज लिटल गर्ल्स'वरून आपण भांडलो. २००१. पुरुषांनी लिहिलेली गाणी तिनं बाईच्या बाजूनं गायली. एमिनेमच्या एका गाण्यात नवरा बायकोचं प्रेत गाडीच्या डिकीत घालून लेकीला फिरायला नेतो. टोरी ते त्या मेलेल्या बायकोच्या आवाजात, जवळजवळ कुजबुजत म्हणते. तुम्ही म्हणालात, दुसऱ्यांची गाणी म्हणजे सुट्टीचा अल्बम. मला ते तेव्हाही पटलं नाही. आपल्याकडे राम जोशींपासून होनाजी बाळापर्यंत शाहिरांनी लावण्या रचल्या, बाईच्या तोंडी घातल्या, आणि बायका त्या दोनशे वर्षं गातायत. शब्द त्याचे आणि अर्थ तिचा, हा खेळ आपल्याला नवा नाही. टोरीनं तो उघड्यावर आणला इतकंच. तुम्ही यावर नुसतं "हम्" केलं होतंत. आज तरी उत्तर द्या.

'स्कार्लेट्स वॉक' मला २००३ च्या सिंहस्थात मिळाला. रस्ते बंद, मेनरोडला माणसांचा पूर, रामकुंडाकडून भोंग्यांवर अखंड भजनं. त्या गदारोळात हेडफोन लावून मी अकरा सप्टेंबरनंतरच्या अमेरिकेत, एका बाईबरोबर गावोगाव भटकत होते. नाशिककराला यात्रा समजावून सांगावी लागत नाही. तोवर कॅसेट मागे पडली होती आणि तुम्ही सीडी भरून द्यायला लागला होतात. भारनियमनात डबिंग मधेच बंद पडलं की तुम्ही वीज मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरू करायचात. मधूनच जोडलं तर चाललं असतं, हे सांगायची कुणाची टाप नव्हती.

सप्टेंबर २००८ ला गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला आणि सराफ बाजारात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण आलो तेव्हा तुम्ही गाळात उभे होतात. कॅसेटी गेल्या होत्या, फितीत गाळ शिरला की ती संपलीच. सीडी मात्र धुऊन निघतात. आपण त्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यात धुतल्या, सुती फडक्यानं मधून कडेकडे पुसल्या, दोरीवर नव्हे तर ताटांच्या मांडणीत वाळत लावल्या. आठ दिवसांनी तुम्ही टोरीचा सगळा गठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या घरी आणून दिलात. म्हणालात, "दुकान उघडलं की परत दे." दुकान उघडलं नाही. माझ्या हातून तुमचे आभार मानायचे राहिले ते तेव्हापासून.

नंतरचं तुम्ही ऐकलंत की नाही, ठाऊक नाही, म्हणून सांगते. २०११ मध्ये 'नाइट ऑफ हंटर्स' निघाला, डॉइच ग्रामोफोन या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या कंपनीच्या पिवळ्या शिक्क्यावर. बाख, शूबर्ट, शोपँ, साती यांच्या रचनांवर बेतलेली गाणी, सोबत बासऱ्या-व्हायोलिनं, आणि तिची लेक गायला. अकराव्या वर्षी पीबडीतून बाहेर पडलेली मुलगी अठ्ठेचाळीसाव्या वर्षी त्या दाराशी आली, आणि आली ती स्वतःच्या अटींवर. टाळेबंदीत कॉर्नवॉलमध्ये अडकलेली असताना केलेला 'ओशन टू ओशन' (२०२१) आईच्या जाण्यानंतरचा आहे. माझीही आई त्याच सुमारास गेली. मी त्यावर जास्त लिहीत नाही.

आणि माझी बातमी. मी लिहिलेली मराठी गाणी गंगापूर रोडच्या एका घरगुती स्टुडिओत रेकॉर्ड झाली. पियानो आणि गळा, एका गाण्यात आजोबांची पायपेटी, तिच्या भात्याच्या श्वासासकट. भाचा म्हणतो, एकेक सोड, अख्खं कुणी ऐकत नाही. मी एकदमच सोडतेय, ठरवलेल्या क्रमानं. मिक्सिंगच्या वेळी डावा हात थोडा जड झालाय असं रेकॉर्डिस्टचं मत पडलं; मला तो तसाच हवाय, पण तुमचा कान लागल्याशिवाय खात्री वाटत नाही. आवाज मोठा करून, बेस वाढवून ऐका आणि स्पष्ट सांगा. कौतुक नको.

तुमच्या सीडी माझ्याकडे नीट आहेत. 'पेले'च्या पुस्तिकेची पानं पुरात चिकटली ती चिकटलीच, बाकी सगळ्या वाजतात. न्यायला या, किंवा पत्ता कळवा, मी आणून देते. 'द बीकीपर' मात्र आधी नेलात तरी चालेल. एकोणीस गाणी, जवळजवळ ऐंशी मिनिटं, आणि केवळ हॅमंड ऑर्गन आहे म्हणून तुम्ही त्याची बाजू घेत बसायचात. निम्मी गाणी कापली असती तर सोनं होतं. तुमचं मत बदललं असेल तर कळवा. माझं बदललेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
पायपेटीवाली
पंचवटी, नाशिक